पाठ दाखव, बाळा!

रविवारची सकाळ, पावणेसातची वेळ. कोल्हापुरातल्या एका शाळेच्या मैदानावर सहा ते नऊ वयाची वीस-बावीस पोरं जमलेली असतात. निम्म्यांच्या पाठीवर 10 आकडा, उरलेल्यांच्या पाठीवर 7. "ए मेस्सी" म्हणून हाक मारली की दहा-अकरा माना एकदम वळतात, म्हणून सरांनी शेवटी बुटांवरून बारसं केलं आहे : पिवळा बूट, फाटका बूट, दादाचा बूट. यातला दादाचा बूट सात वर्षांचा आहे. थोरल्या भावाचे बूट पुढे कापूस कोंबून त्याला घातलेले असतात, त्यामुळे चेंडूला त्याचा पाय आधी लागत नाही, बूट लागतो. पाय थोड्या वेळाने पोचतो.

कंपाउंडच्या कट्ट्यावर पालक बसलेले. हातात कागदी कपातला चहा. आणि सर मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडत असतात, "आरं, पाठ दाखव त्याला! पाठ दाखव की लगा!"

कट्ट्यावरच्या एका आजोबांचा चहा हिंदकळतो. पाठ दाखवणं म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. इथं पोवाडे ऐकत पोरं मोठी होतात आणि पोवाड्यात पाठ दाखवणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते सर्वांना ठाऊक असतं. आता पैसे भरून, पहाटे उठवून, स्कूटरवर पुढे उभं करून आणलेल्या नातवाला हा गृहस्थ शत्रूला पाठ दाखवायला शिकवतोय!

सर जे शिकवत असतात त्याला फुटबॉलच्या भाषेत शिल्डिंग म्हणतात. चेंडू पायाशी खेळवत पुढे नेताना कुणी अंगावर आलं, की त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये आपलं अंग घालायचं. चेंडू लांबच्या पायाकडे, धड मध्ये, समोरच्याला दिसते ती फक्त खांद्याची आणि कुल्ल्याची बाजू. सांगायला चार सेकंद लागतात आणि शिकवायला चार हंगाम. सरांनी पहिल्या दिवशी 'शिल्डिंग' हा शब्द वापरला तेव्हा फाटक्या बुटाने हात वर करून सांगितलं, "सर, माझे पप्पा करतात. शिरोलीला." शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला लागून जे काम चालतं ते वेल्डिंग, हे सरांनी समजावून पाहिलं. मग त्यांच्याच लक्षात आलं की पोराचं फारसं चुकलेलं नाही; चेंडू पायाला डकवूनच ठेवायचा आहे. तेव्हापासून त्या मैदानावर या प्रकाराला वेल्डिंग म्हणतात. बाहेरून आलेला एखादा पालक "अंग लाव, वेल्डिंग कर!" ही आरोळी ऐकून क्षणभर आपण चुकीच्या क्लासला आलो की काय, म्हणून फाटकावरचा बोर्ड परत वाचून येतो.

लहान मुलांचा फुटबॉल ज्याने जवळून पाहिलेला नाही त्याला ही अडचण कळणार नाही. टीव्हीवर बावीस माणसं मैदानभर पांगलेली दिसतात. सहा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी सगळी पोरं चेंडूला लागलेली असतात. हा मुंगळ्यांचा गोळा मैदानावर गडगडत फिरतो, अधूनमधून त्यातून चेंडू बाहेर पडतो आणि दोन सेकंदांनी गोळ्याला ते कळतं. गोलकीपर दोन. एक गोळ्यात सामील झालेला आणि दुसरा गोलच्या जाळीत बोटं अडकवून झाडावरचा पोपट बघत उभा. संघ वगैरे कल्पना अजून जन्माला यायची असते. ज्याँ पियाजे या स्वित्झर्लंडच्या मानसशास्त्रज्ञाने या वयाच्या मुलांबद्दल सांगून ठेवलं आहे की दोन ते साधारण सात वर्षांच्या मुलाला जग आपल्याच जागेवरून दिसतं. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं त्याला जड जातं. पियाजे यांनी त्यासाठी टेबलावर डोंगरांचा देखावा मांडून प्रयोग केले. पोरांच्या सामन्याला येऊन बसले असते तर तो खर्च वाचला असता. सहा वर्षांच्या मुलाच्या लेखी मैदानावर एक मी आणि एक चेंडू. बाकीचे एकवीस ही अडगळ.

आता या मुलाला सांगायचं की तुझ्यामागे कुणीतरी आहे, तो तुला दिसत नाही, तरी तो कुठल्या बाजूने येईल ते ओळख आणि त्याप्रमाणे फिर.

त्यात घरच्या संस्कारांची भर. मराठी घरातल्या मुलाला समज आल्यापासून काय सांगितलेलं असतं? वाटून खा. धक्का देऊ नको. कोपर काढू नको. मोठ्यांकडे पाठ करून बसू नको. पाहुण्यांच्या मुलाला तुझी गाडी दे खेळायला, तो काय घेऊन जाणार आहे का? ही सगळी शिकवण घोटून पोर मैदानावर येतं, समोरचा मुलगा चेंडू घ्यायला येतो आणि आपलं पोर बाजूला सरकून त्याला वाट देतं. काही तर घेतलेला चेंडू "सॉरी" म्हणत परत करतात. एकदा पिवळ्या बुटाला सरांनी विचारलं, "त्यानं बॉल काढून घेतला आणि तू बघत काय राहिलास?" पिवळा बूट म्हणाला, "तो माझ्याच वर्गातला आहे." यावर कुठल्या कोचिंग कोर्समध्ये उत्तर शिकवलेलं नाही.

पण सर हुशार. हीच मुलं सोमवारी सकाळी वर्गात काय करतात, हे ते शाळेच्या खिडकीतून पाहत आलेले. घटक चाचणी असली की शुद्धलेखनाच्या तासाला रडणारं मूलसुद्धा शिल्डिंगमध्ये पारंगत असतं. शेजाऱ्याने मान वळवायचा अवकाश, डावा हात कोपरापासून दुमडून वहीभोवती कुंपणासारखा पडतो. खांदा खाली, पाठ अर्धी वळलेली, वही लांबच्या बाजूला सरकवलेली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्यावर नजर. लिहिणं मात्र चालूच. एकही मुद्दा सुटलेला नसतो! शेजारी डावीकडून वाकला की पाठ डावीकडे, उजवीकडून वाकला की उजवीकडे. कुणी शिकवलं? कुणीच नाही. म्हणून सरांनी मैदानावर एक दिवस सगळ्यांना वही आणायला सांगितली, जोड्या लावून गवतावर बसवलं आणि म्हणाले, "लिव्हा आपापलं नाव. शेजाऱ्याला दिसलं तर दहा उठाबशा." पोरांनी नावं झाकली. मग सरांनी वह्या काढून घेतल्या आणि तिथं चेंडू ठेवले. "आता ही वही."

त्या दिवशी पहिल्यांदा काहीजणांच्या पाठी वळल्या.

पुढचं सगळं अंगाचं गणित. समोरच्याकडे तोंड करून उभं राहिलं तर चेंडू दोघांच्या मध्ये येतो, म्हणजे कुणाचाच नाही. म्हणून आडवं उभं राहायचं. त्यामुळे चेंडू आणि समोरचा यांच्यात खांद्यापासून खांद्यापर्यंतचं अंतर पडतं. गुडघे वाकवायचे, बूड खाली, पाय फाकलेले. हे ऐकून कट्ट्यावरच्या आजोबांची कळी थोडी खुलते, कारण हा तर पवित्रा. कोल्हापूरच्या फुटबॉलला हे नवं नाही. इथले नामांकित संघ पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी नावं लावून शाहू स्टेडियमवर उतरतात. दुसऱ्या गावचा माणूस वेळापत्रक वाचून विचारतो, "ही कुस्तीची दंगल आहे का?" ज्या शहरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं, तिथं बूड खाली ठेवण्याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. उंच उभा राहिलेला माणूस एका धक्क्यात जातो; खाली बसलेल्याला हलवायला वस्ताद लागतो.

राहिला हात. हाताचं प्रकरण नाजूक. तो बाजूला पसरायचा, पण ढकलायचं नाही. मागचा माणूस कुठे आहे ते कळण्यापुरताच. "मांजराच्या मिशा असतात का न्हाई, तशा," असं सर सांगतात. पुढची पाच मिनिटं पोरं म्याव म्याव करतात आणि सराव थांबतो.

नियमात हे सगळं बसतं, आणि हे पालकांना सांगणं मुलांना शिकवण्यापेक्षा अवघड. फुटबॉलच्या नियम 12 प्रमाणे चेंडू खेळता येईल इतक्या अंतरावर असेल तर समोरचा आणि चेंडू यांच्यामध्ये उभं राहणं हा गुन्हा नाही. फक्त हाताने किंवा अंगाने त्याला दाबून धरता येत नाही. उलट समोरच्यालाही खांद्याला खांदा लावून रास्त धक्का देण्याची मुभा आहे. पण कट्ट्यावर बसलेली बापमंडळी क्रिकेटवर वाढलेली. चेंडूच्या वाटेत पाय आला की माणूस बाद, हे त्यांच्या रक्तात. पोराने चेंडूसमोर तंगडी आडवी घातलेली दिसली की त्यांचं बोट आपोआप वर जातं. एक वडील तर प्रत्येक वेळी "सर, ऑब्स्ट्रक्शन!" म्हणून ओरडतात. दोन महिन्यांनी त्यांचाच मुलगा चेंडू झाकायला शिकला, तेव्हापासून ते "खेळू द्या, खेळू द्या" म्हणून ओरडू लागले आहेत.

नियमातल्या त्या 'खेळता येईल इतक्या अंतरावर' या शब्दांपाशी मात्र लहान मुलांचा फुटबॉल खरा रंगतो. कारण पाठ वळवायला शिकलेलं मूल सुरुवातीला पाठ वळवतं, हात पसरतं, गुडघे वाकवतं, मागे बघतं, सगळं अगदी चित्रासारखं. फक्त चेंडू तिथं नसतो. तो कधीच पलीकडे घरंगळत गेलेला असतो आणि दादाचा बूट रिकाम्या गवताचं प्राणपणाने रक्षण करत उभा असतो. मागचा मुलगाही ते गवत मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा करत असतो. दोघांनाही सांगावंसं वाटत नाही.

दुसरा नमुना कोंबडीचा. ही मुलं चेंडू दोन पायांच्या मधे घेऊन त्यावर बसल्यासारखी वाकून उभी राहतात. कुणी आलं की पिसं फुलवतात. चेंडू सुरक्षित राहतो, पण तो कुठे जायचा आहे हा विचार त्यांना शिवत नाही. सामना संपला तरी त्या जागेवरून हलायचं नाही, एवढाच निर्धार. शिल्डिंग हा मुक्काम नाही, दोन क्षणांचा थांबा आहे, हे त्यांना कळायला पहिला पावसाळा जावा लागतो.

आणि तिसरा नमुना सगळ्यांत गुणी. चेंडू झाकतो, मागच्याला दाद देत नाही, मागचा डावीकडून आला की उजवीकडे वळतो, उजवीकडून आला की डावीकडे, असं करत करत, एकदाही चेंडू न गमावता, सबंध मैदान पार करून स्वतःच्याच गोलमध्ये शिरतो. कट्ट्यावर टाळ्या पडतात. गोलकीपर पोपट सोडून त्याच्याकडे बघतो.

ही मुलं मोबाइलवर काय पाहतात, त्याचाही यात हात आहे. 22 जून 1986. मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम. मॅराडोनाचा इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल. सगळी पोरं त्यातलं पळणं पाहतात : एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, गोलकीपरला चकवलं. पण तो गोल सुरू होतो आपल्याच अर्ध्या मैदानात. मॅराडोना इंग्लंडच्या गोलकडे पाठ करून उभा, दोन इंग्लिश खेळाडू अंगाशी भिडलेले, आणि हा पाच फूट पाच इंचांचा माणूस चेंडू पायाखाली घेऊन गर्रकन त्यांच्यातूनच वळतो. ती अर्ध्या सेकंदाची गिरकी नसती तर पुढचं पळणं कुठून आलं असतं? पण व्हिडिओ कापणाऱ्याला तेवढा धीर नसतो; बऱ्याचदा क्लिप गिरकीनंतरच सुरू होते.

स्कॉटलंडच्या केनी डल्ग्लिशने तर ही विद्या बुडावर पेलली. 1978 च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात लिव्हरपूलसाठी ब्रूझविरुद्ध एकमेव गोल करणारा हा गडी गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायचा आणि मागचा बचावपटू त्याच्या पार्श्वभागाशी झटत बसायचा. मराठी वर्तमानपत्रात हे कसं छापावं हा प्रश्नच आहे. पण फुटबॉलमध्ये त्याला कला म्हणतात. आणि अर्जेंटिनाचा रिकेल्मे. 24 मे 2000 ला बोका जुनियर्स विरुद्ध रिव्हर प्लेट या सामन्यात तो बाजूच्या रेषेजवळ अडकला. मागे येपेस हा उंचापुरा बचावपटू. जायला जागा नाही. रिकेल्मेने पाठ दिली, चेंडू तळव्याखाली धरला, एक क्षण थांबला आणि तळव्यानेच तो मागे, येपेसच्या दोन पायांमधून सरकवून स्वतः वळसा घालून पुढे गेला. सरांनी ही क्लिप पोरांना दाखवल्यावर पुढच्या रविवारी बावीसच्या बावीस जण मागे चेंडू ढकलत होते आणि बावीस चेंडू मैदानाबाहेर गटारात.

कट्ट्यावरचा दुसरा आवाज म्हणजे "पास दे! पास दे!" इथे या लेखकाची बाजू सरांची आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला पास दे म्हणून ओरडणं म्हणजे त्याला नुकताच मिळालेला चेंडू काढून घेणं. मूल चेंडू पायाशी ठेवूनच शिकतं. तेवढ्यासाठीच जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून सगळ्यांत लहान मुलांचे सामने चार छोट्या गोलमध्ये, दोन-तीन जणांच्या संघांत खेळवणं सक्तीचं केलं. मोठ्या मैदानावर मुंगळ्यांच्या गोळ्यात हरवणाऱ्या मुलाच्या पायाला तिथे सारखा चेंडू लागतो. आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2018 मध्ये लहानग्यांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली. नाव जरा ज्वेलरीच्या दुकानासारखं होतं, पण विचार बरोबर. आणि चेंडूचं मापही. आठच्या आतल्यांना 3 नंबर, मग बारापर्यंत 4 नंबर. 5 नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा आणि 68 ते 70 सेंमी घेराचा. तो सात वर्षांच्या मुलासमोर ठेवला की झाकायचं कुणी कुणाला, हाच प्रश्न पडतो. तरी थोरल्या भावाचा 5 नंबर घेऊन येणारी पोरं दर रविवारी निघतातच. 'चेंडू आहे ना घरात, मग?' हा मध्यमवर्गीय युक्तिवाद कुठल्याही महासंघाच्या परिपत्रकाला पुरून उरतो.

शिल्डिंग ही खरं तर लहान चणीच्या मुलांची विद्या. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकमेकांसमोर येतात, आणि सात वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची. जानेवारीवाला धक्का देऊन चेंडू घेतो, टाळ्या मिळवतो आणि काही शिकत नाही. डिसेंबरवाल्याला काहीतरी शोधावंच लागतं. अशाच एका ठेंगण्या मुलाला, तेरा वर्षांच्या लिओनेल मेस्सीला, घ्यायचं हे बार्सिलोना क्लबच्या कार्लेस रेशाक यांनी 14 डिसेंबर 2000 रोजी कागदी नॅपकिनवर लिहून दिलं. महाराष्ट्रात एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत फार जुनी. पण आपल्या रुमालाला अजून तो भाव आला नाही. मेस्सीचा नॅपकिन 2024 मध्ये लिलावात 7,62,400 पौंडांना गेला.

घरी या शिक्षणाचे परिणाम दिसायला लागतात. पिवळ्या बुटाच्या आईची तक्रार अशी, की टीव्हीच्या रिमोटसाठी हात पुढे केला की हा आता पाठ वळवून, गुडघे वाकवून, एक हात पसरून उभा राहतो आणि दुसऱ्या हाताने चॅनल बदलतो. दादाच्या बुटाने सणाला शेवटची पुरणपोळी अशी झाकली, की दादा म्हणजे बुटांचा मूळ मालक ताटाभोवती तीन फेऱ्या मारून हरला. पिवळ्या बुटाची आई फी परत मागेल असं सरांना वाटलं. तिने धाकट्या मुलीचं नावही घातलं.

त्या मुलीची गोष्ट सांगायलाच हवी. पाच वर्षांची, दोन वेण्या, निळ्या रबरी चपला. बूट मापाचे अजून आणायचे होते. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. चार रविवार ती कट्ट्यावर बसून बघत होती एवढंच. पाचव्या रविवारी सराव संपला, सरांनी शिट्टी वाजवली, पोरं पाण्याच्या बाटल्यांकडे धावली आणि सर चेंडू जाळीत भरायला लागले. एकवीस भरले. बाविसावा तिच्या पायाशी.

सर चेंडू घ्यायला वाकले. तिने पाठ वळवली. सर हसले आणि दुसऱ्या बाजूने गेले. तीही वळली, चपलेच्या तळाखाली चेंडू ओढून, एक वेणी सरांच्या गुडघ्याला लावून. सर मग गंभीर झाले. हा माणूस वीस वर्षं शाहू स्टेडियमवर खेळलेला, भल्याभल्यांच्या पायातून चेंडू काढलेला. त्यांनी डावीकडे जायचं दाखवून उजवीकडे पाय घातला. हात पसरलेला होता, मांजराच्या मिशीसारखा. तिला आधीच कळलं होतं. चप्पल सुटली, चेंडू सुटला नाही.

कट्ट्यावरचे आजोबा उठून उभे राहिले होते.

"सर," फाटकाकडून कुणीतरी हाक मारली, "मिसळ निवायला लागली!"

"आलो आलो," सर म्हणाले आणि तिसऱ्यांदा वळसा घालायला लागले.